आधी पाणी पाहा

सर घाबरट होते. हे मी त्यांच्या माघारी म्हणत नाही. त्यांच्या तोंडावर दोनदा म्हटलेलं आहे आणि दोन्ही वेळा त्यांनी "बरोबर आहे" म्हणून शांतपणे चहा प्यायलेला आहे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. गेलेल्या माणसाबद्दल 'हळवे होते', 'काळजी करायचे' असं गुळगुळीत बोलायची पद्धत आहे. सरांनी ते खोडून वर लाल शाईनं 'घाबरट' लिहिलं असतं, म्हणून मीही तेच लिहिते.

कशाकशाला घाबरायचे? लिफ्टला. गीझरला. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला. अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला. चंडीगडच्या रुंद, सरळ रस्त्यांचं लोक कौतुक करतात. सर म्हणायचे, रस्ता जितका रुंद तितकी मधोमध सापडायची सोय जास्त. पलीकडच्या फुटपाथवर जायचं तर ते सिग्नलपर्यंत अर्धा किलोमीटर चालत जायचे आणि हिरवा दिवा लागला तरी पहिली पाळी सोडून द्यायचे. सुखना तलावावर आम्ही सगळे पायडलच्या बोटीत बसायचो, तेव्हा हे काठावर उभं राहून आमची डोकी मोजायचे. युनिव्हर्सिटीच्या आवारात माकडं असतात, म्हणून माझ्या नवऱ्याच्या, अभयच्या, एकाही व्याख्यानाला ते आले नाहीत. अभय तिथं इतिहास शिकवतो. सुरुवातीला त्याला सरांचा फार राग यायचा.

मी सांगलीची, सर वाशीमकडचे. मोहालीत औषधांवर संशोधन करणारी एक संस्था आहे, तिथलं प्राणीगृह सरांच्या ताब्यात होतं आणि मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ. उंदीर, ससे, गिनीपिग. पहिल्या दिवशी मी झोकात आत शिरायला निघाले तर सरांनी दारातच अडवलं.

"दार वाजवा."

"आत कोण आहे, सर?"

"सहाशे जण आहेत. कोण येतंय ते कळू द्या त्यांना."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण तिथला नियमच तो. दोनदा टकटक करायची, एक श्वासभर थांबायचं, मग दार उघडायचं. हात गार असले तर आधी काखेत धरून ऊब आणायची, मगच उंदराला उचलायचं. चंडीगडच्या जानेवारीत आम्ही चार-पाच शिकलेसवरलेले लोक काखेत हात खुपसून भिंतीला टेकून उभे असायचो, आणि एखादा पाहुणा शास्त्रज्ञ आला की त्याला वाटायचं, इथं कसला तरी संप चालू आहे.

आत गेल्यावर पहिलं काम ठरलेलं. आधी पाणी पाहा. प्रत्येक पिंजऱ्याला पाण्याची बाटली उलटी अडकवलेली असायची. संध्याकाळी जाताना तिच्यावर लाल पेनानं पाण्याच्या पातळीशी रेघ मारायची, सकाळी येऊन पाणी रेघेच्या किती खाली गेलं ते बघायचं. खाली गेलं असलं तर जनावर बरं. रेघेवरच असलं तर काहीतरी बिघडलंय, मग ते कितीही टुणटुण उड्या मारत असो. "जनावर दुखणं लपवतं," सर म्हणायचे. "आपण दुबळे दिसलो की कोणीतरी खाणार, हे त्याला आईच्या पोटातून माहीत असतं. सगळं लपवेल, पण पाणी नाही लपवता येत त्याला." मी सुद्धा घरी आल्यावर आधी सईची शाळेची बाटली हलवून बघायला लागले. सई माझी मुलगी. भरलेली बाटली परत आली की मी तिच्या कपाळाला हात लावायची आणि ती हिंदीत करवादायची. मराठी तिला सगळं कळतं. तोंडातून मात्र हिंदी येतं.

आणखी एक होतं. चाव्यांची वही. कोणाला काही चावलं, ओरबाडलं, तर त्याच मिनिटाला सांगायचं. "आधी सांगा, मग रडा, शिव्या मी देणार नाही," हे सर नवीन माणसाला तीनदा ऐकवायचे. मग वहीत नोंद: कुठलं जनावर, कुठलं बोट, किती वेळ धुतलं. शेवटचा रकाना होता, 'भीती वाटली का?' मी पहिल्यांदा ऐटीत 'नाही' लिहिलं. सरांनी वही परत पाठवली. मी दुसऱ्यांदा 'थोडी' लिहिलं. पुन्हा परत. शेवटी वैतागून 'हो' लिहिलं तेव्हा सही झाली. त्या वहीत सर्वांत जास्त नोंदी सरांच्याच नावावर होत्या आणि त्या रकान्यात सगळीकडे ठळक 'हो'.

त्यांच्यासमोर एक वाक्य उच्चारायला बंदी होती. 'काही होत नाही.' एकदा अभय मला न्यायला आला होता. तो सरांना म्हणाला, बसा हो स्कूटरवर, चौकापर्यंत सोडतो, काही होत नाही. "काय होत नाही?" सरांनी विचारलं. "नीट सांगा. यादी करा. मग मी बसतो." अभय घरी येईपर्यंत धुसफुसत होता.

अशा माणसाला आम्ही परदेशी समुद्रावर सहलीला नेलं, हे कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. आम्ही नेलं नाही, तेच आले. सर तेव्हा निवृत्त होऊन पंचकुल्यात पहिल्या मजल्यावर एकटे राहत होते. काकू आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मी आपली रजेचा अर्ज दाखवायला गेल्यासारखी अजूनही दर रविवारी सईला घेऊन त्यांच्याकडे जायची. सई तेव्हा नऊ वर्षांची. तिनं त्यांना सांगून टाकलं की थायलंडच्या दक्षिणेला एक बेट आहे, आम्ही तिकडे चाललोय आणि मी हत्तीला आंघोळ घालणार आहे, तिथं हत्तींचं अभयारण्य आहे.

"अभयारण्य," सर म्हणाले. "आणि आंघोळ." त्यांनी कप खाली ठेवला. "मला तुम्हाला एकटं सोडवत नाही. मी येतो."

पुढचे पंधरा दिवस ते फोनवर होते. अनोळखी नंबरला घाबरणारा माणूस स्वतः अनोळखी नंबर लावत होता, आणि कपाळावरचा घाम पुसत साळसूदपणे विचारत होता: माझ्या नातीला हत्तीला हात लावायचा आहे, जमेल का? पलीकडून 'हो, हो, आंघोळसुद्धा घाला' असं आलं की आभार मानून फोन ठेवायचे आणि यादीतलं नाव खोडायचे. माकडाच्या पिल्लाला बाटलीनं दूध पाजता येईल? हो? खोडा. वाघाच्या बछड्याबरोबर फोटो? खोडा. सगळ्यांच्या नावात 'रेस्क्यू' होतं, 'केअर' होतं. आठव्या ठिकाणी एका कंटाळलेल्या बाईनं सांगितलं की हात लावता येणार नाही, आंघोळ नाही, केळी भरवता येणार नाहीत. हत्ती पुढे आले तर दिसतील, नाही आले तर तुमचं नशीब. सर फोन कानाला लावूनच उभे राहिले. "ही बाई खरी," ते मला म्हणाले. सईला रडू फुटलं.

बेटावर जायला मोठी फेरीबोट होती. सर तासभर डोळे मिटून, माझ्या पर्सचा बंद मुठीत धरून बसले होते. उतरल्यावर म्हणाले, परतीचा विचार आत्ता करू नका कोणी.

ते अभयारण्य म्हणजे डोंगराच्या कुशीतली रबराची जुनी बाग आणि तिच्यामागे जंगल. फाटकाशी सर थांबले आणि बांबूच्या खांबावर दोनदा टकटक केली. सई लाजून माझ्यामागे लपली. मग त्यांनी विचारलं, पाणी कुठे आहे? वाटाड्या मुलीनं तळं दाखवलं. तळ्याकडे जंगलातून एक पायवाट येत होती आणि तिच्यावर हत्तीच्या पायांचे ठसे होते, माणसाच्या पावलाचा एकही नाही. सर त्या वाटेकडे एवढ्या समाधानानं बघत राहिले की जणू हत्ती बघून झाला.

आम्हाला एका मचाणावर उभं केलं. बोलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. तासाभरानं झाडांच्या मध्ये एक म्हातारी हत्तीण दिसली, आमच्याकडे पाठ करून. आयुष्यभर तिनं आधी लाकडं ओढली, मग पर्यटक. पाठीचा कणा मधोमध खचलेला होता. तिनं तळ्यावर येऊन पाणी प्यायलं, वळून एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि झाडांत निघून गेली. "पाहिलं आपल्याला आणि गेली," सर कुजबुजले. त्यांचे डोळे भरून आले होते. "जाता येतं तिला."

"बस? इतना ही?" सई म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. एवढा खर्च करून, विमानं बदलून, पोरीला हत्तीचा पार्श्वभाग दाखवला. तिचा पडलेला चेहरा बघून मला सरांचा राग आला. या माणसाच्या भित्रेपणापायी माझ्या लेकरानं का हिरमुसायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोटं बोलले. अभय पोहायला गेला होता. सरांना सांगितलं, आम्ही दोघी शंख-शिंपले बघायला जातो. समुद्राच्या रस्त्यावर आदल्या दिवशीच सईनं एक पाटी पाहून ठेवली होती: अनाथ प्राण्यांचा आसरा. आत शिरताच एका माणसानं फ्रॉक घातलेलं माकडाचं पिल्लू सईच्या खांद्यावर बसवलं. पिल्लाच्या कमरेला हातभर दोरी होती. सईचा चेहरा असा उजळला की मी मोबाइल काढला.

मी पाणी पाहिलं नाही. बारा वर्षं रोज सकाळी पाहत आले होते, त्या दिवशी पाहिलं नाही. नंतर त्या फोटोत पाहिलं: मागे खुंट्याशी पत्र्याची वाटी आहे आणि ती पालथी पडली आहे.

पिल्लानं तोंड मोठं उघडलं. तो माणूस म्हणाला, हसतंय, हसतंय. दात दाखवणं म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. पुढच्याच क्षणी ते सईच्या उजव्या हाताला, अंगठ्याच्या बेचक्यात, चावलं. रक्ताचे दोन ठिपके. सई ओरडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी काय केलं ते सांगते. माझ्या आयुष्यात मला उंदीर, ससे मिळून कितीतरी वेळा चावले असतील. आमची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या आत जन्मलेली, तपासलेली, स्वच्छ. ती चावली की साबणानं धुवायचं, वर पट्टी लावायची आणि कामाला लागायचं. माझे हात ते आपोआप करतात. मी बाटलीतल्या पाण्यानं जखम धुतली, पर्समधली पट्टी लावली. रस्त्यावरचं माकड आणि आमचा पांढरा उंदीर यांतला फरक माझ्या डोक्याला माहीत होता, हातांना नव्हता, आणि त्या घटकेला मी हातांचं ऐकलं. "काही होत नाही," मी सईला म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "सरांना सांगायचं नाही हं."

दुपारी चारला हॉटेलच्या पडवीत आम्ही चौघं बसलो होतो. सर शंख-शिंपल्यांबद्दल विचारत होते आणि मी थापा मारत होते. विचारता विचारता ते थांबले. सईच्या पुढ्यातल्या ग्लासाकडे बघत होते.

"हिचं पाणी तसंच आहे," सर म्हणाले.

उजवा हात मांडीखाली दडवला होता, म्हणून तिनं ग्लास उचलला नव्हता, एवढंच. पण सरांचा चेहरा पांढरा पडला. "हात दाखव बेटा," ते म्हणाले. सईनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटलेली नाही.

सर मला एक शब्द लावून बोलले नाहीत. "किती वाजता? किती वेळ धुतला? साबण?" एवढंच. मी साबणाला 'नाही' म्हणाले तेव्हा ते सईला घेऊन बागेतल्या नळाकडे चालायला लागलेही होते. पंधरा मिनिटं, घड्याळ समोर धरून, त्यांनी तो हात साबणानं धुवून घेतला. अभय मधे पडला, "सर, तिला उगाच घाबरवू नका." सर नळावरून मान वर न करता म्हणाले, "आईच्या बोलण्याला भिऊन तिनं हात लपवला. आता चाव्याला भिऊ द्या. त्यात तिचं भलं आहे."

बेटावरच्या दवाखान्यात रेबीजची लस मिळाली. पण चावा खोल होता आणि हाताचा होता. लस शरीराला लढायला शिकवते, शिकायला दिवस लागतात. तोवर पहारा देणारं औषध जखमेतच भरावं लागतं, ते त्यांच्याकडे संपलेलं होतं. पलीकडे, मुख्य भूमीवरच्या मोठ्या इस्पितळात मिळेल. लवकर जा, डॉक्टर म्हणाली. वारा वाढला होता, मोठी फेरीबोट बंद केली होती. धक्क्यावर इंजिनाची एक लाकडी होडी तेवढी निघायला तयार होती.

होडी पाण्यावर वरखाली होत होती. सर धक्क्यावरच खांबाला धरून थांबले. मी म्हणाले, "सर, तुम्ही थांबा, आम्ही जाऊन येतो."

"मी नाही आलो तर तू तिले सांगशील, काही होत नाही," सर म्हणाले. बारा वर्षं ते मला अहो-जाहो करत होते. घाबरले की त्यांची भाषा वाशीमला जायची, ते ठाऊक होतं. एकेरीवर आलेले मी पहिल्यांदाच ऐकले. ते चक्क बसून, घसरत घसरत होडीत उतरले.

दीड तासाचा प्रवास होता. लाट आली की होडी उचलायची आणि दाणकन आदळायची, अंगावर खारं पाणी यायचं. सरांना दोनदा उलटी झाली. दोन्ही हातांनी ते फळी धरून बसले होते आणि मला वाटत होतं, आता हा माणूसही माझ्यापायी जाणार. सई मधोमध बसली होती. तिनं विचारलं, "सर, मैं मर जाऊंगी क्या?"

मी तोंड उघडलं. सरांनी फळीवरचा एक हात सोडून मला गप्प राहायची खूण केली.

"इंजेक्शन नहीं लिया तो मर सकती हो," ते म्हणाले. "लेने जा रहे हैं. इसीलिए जा रहे हैं. डर लग रहा है?"

"हां."

"मुझे भी. बहुत."

सईनं आपला डावा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि दोघंही ती फळी धरून बसले. त्यावेळी मला ते क्रूर वाटलं होतं. माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला एक म्हातारा मरणाबद्दल सांगतोय आणि मी बघत बसले आहे.

मग लाटांच्या आवाजात सर माझ्याशी बोलले. सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. "मले लहान बहीण होती. आठ वर्षांची. मी अकरा. कुत्र्याचं पिल्लू आणलं तिनं गोठ्यात, आईनं नको म्हटलं होतं. ते चावलं तिले. मले दाखवलं आणि म्हणाली, आईले नको सांगू, मारते. मी म्हटलं, नाही सांगत. काही होत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "दोन महिन्यांनी तिले पाणी पिता येईना. पेला जवळ नेला की अंग झटकायची. मी तो पेला धरून उभा होतो." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. सकाळी मीही पोरीला तेच सांगितलं होतं, अगदी त्याच शब्दांत.

इस्पितळात सईला जखमेच्या भोवती सुया टोचल्या तेव्हा तिची किंकाळी बाहेर बाकावर आली. सर कानात बोटं घालून रडत होते, अभय त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. झाल्यावर सरांनी नर्सकडून एक कागद मागितला आणि सईला डाव्या हातानं लिहायला लावलं. माकड. उजवा हात. पंधरा मिनिटं साबण. शेवटी विचारलं, भीती वाटली का? तिनं वेडंवाकडं 'हां' लिहिलं. सरांनी खाली सही केली. मग कागद माझ्यासमोर धरला. मीही लिहिलं.

चंडीगडला आल्यावर उरलेली इंजेक्शनं झाली. वेळेवर सगळं झालं की धोका जवळजवळ राहत नाही, हे मला माहीत होतं, सरांना माझ्याहून जास्त. पण भीती कुठं पुस्तक वाचते? सईनं मान झटकली की मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायची. आंघोळीच्या वेळी मी दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायची. शिकवता शिकवता अभय मधूनच फोन करायचा, 'बरी आहे ना?' एवढं विचारून ठेवून द्यायचा.

आणि रोज सकाळी सात वाजता, सईच्या स्कूलबसच्या आधी, सर यायचे. पंचकुल्याहून आमच्याकडे मनीमाजऱ्याला, बसनं, रस्ते ओलांडून, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना दुरून वळसा घालून. दारात उभं राहून म्हणायचे, "पाणी मिळेल का? एकट्याला जात नाही मला." सई दोन ग्लास आणायची. दोघं समोरासमोर उभं राहून पाणी प्यायचे. सर स्वतःचा ग्लास ओठाला लावून तिच्या गळ्याकडे बघत असायचे. घोट खाली गेला की यांचा घोट खाली जायचा. ग्लास रिकामा झाला की "चला" म्हणून निघून जायचे. धुक्यात, पावसात, ऐन जूनमध्ये. अभयला एकेकाळी त्यांचा राग यायचा असं मी म्हटलं ना, तो साडेसहापासून खिडकीत उभा असायचा.

वर्ष झालं त्या दिवशी सर पाणी पिऊन म्हणाले, "उद्यापासून येत नाही."

"क्यों?" सईनं विचारलं. ती चिडली होती. तिला तोवर का ते नीट कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर ती त्यांच्याकडे गेली. मग जातच राहिली. मी तिला सांगितलं होतं, त्यांना आजोबा म्हण. तिनं कधी म्हटलं नाही, 'सर'च म्हणायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सर खंगायला लागले. दुखतं का विचारलं की नाही म्हणायचे. जेवलात का, हो. दिवसभर एक बाई सोबतीला असायची, तिलाही गोड बोलून फसवायचे. सई आता चौदा वर्षांची. तिनं कोणाला न विचारता त्यांच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली आणि संध्याकाळी निघताना तिच्यावर लाल पेनानं रेघ मारायला सुरुवात केली. मी पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा खोलीतून बाहेर आले. सरांनीही पाहिली होती. "पक्की तयार केली तू पोरगी," ते म्हणाले. मी म्हटलं, मी नाही, तुम्ही.

डिसेंबरातली गोष्ट. दुपार होती तरी धुकं उठलं नव्हतं. मी कामावर होते, काखेत हात धरून. सईचा फोन आला. सरांच्या घरून. ती मराठीत बोलली. माझी मुलगी माझ्याशी फोनवर मराठीत बोलत नाही.

"आई," ती म्हणाली, "पाणी रेघेवरच आहे."

मागून सरांचा बारीक आवाज आला, "काही होत नाही, काही होत नाही, तिले कामावरून नको बोलावू." जन्मभर ज्या वाक्याला बंदी घातली, ते अखेरीला स्वतःच म्हणत होते, आणि तेही आमच्यासाठी.

"आई, काय करू?"

माझ्या जिभेवर तेच वाक्य आलं होतं. आईच्या जिभेवर ते आपसूक येतं. मी ते गिळलं.

"मला भीती वाटतेय, सई," मी म्हणाले. "तुला?"

"हो."

"मग त्यांचा हात धरून बस. चमच्यानं पाणी दे. मी निघाले."